एरचचा फाटा

टहरौलीच्या शाळेच्या मैदानात रेवतीने सायकलवरून शेवटची रेषा ओलांडली तेव्हा कुणीतरी जोरात ढोल बडवत होतं. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारं पदक पंचांनी तिच्या गळ्यात घातलं. तिच्या थोरल्या भावाने, आदित्यने, तिला धरून खुर्चीत बसवलं, कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला. गुडघ्याखालचा खुंट सुजून लाल झाला होता. मोज्याला रक्त लागलं होतं. पण झाशीपासूनची ती मुरमाची, गिट्टीची वाट तिने पुरी केली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

थोड्या वेळाने मुकेश आला. सकाळपासून हा गडी सतत तिच्या पुढे होता. आता त्याचे बूट, कोपरं, सायकल, सगळं वाळूने माखलं होतं.

"दीदी, आप पहले पहुँच गईं?" तो बघतच राहिला. "बेतवा की रेत में तो मैं दो बार गिरा. आप कैसे निकलीं?"

"कौन सी रेत?"

"अरे, एरच वाली. तिराहे से दाहिने जो जाती है."

रेवतीने आपल्या चाकांकडे पाहिलं. नुसती लाल धूळ. एरचच्या फाट्यावर स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून दादाच उभा होता. त्याने डावीकडे हात केला होता, कालव्याच्या बाजूने. "नक्की ना?" असं तिने विचारलंही होतं. "मी सांगतोय ना," तो म्हणाला होता.

दादा पाण्याच्या बाटलीचं झाकण नुसतंच फिरवत होता.

"दादा, रस्ता उजवीकडे होता?"

"रक्त दिसलं मला तुझ्या मोज्यावर." त्याचा आवाज खाली गेला. "वाळूत पाय अडकला असता म्हणजे? कालव्यावरून जवळ पडतं. कुणाला काही कळलेलं नाही, रेवती."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

पायाला जप, असं सांगणारे घरीदारी पुष्कळ होते. शर्यतीत उतर, असं म्हणणारा एकटा दादा होता.

तिने पाय पुन्हा चढवला. दात आवळून उठली आणि पदक पंचांसमोर ठेवलं. "मैं बेतवा की तरफ़ गई ही नहीं."

पंचांनी एकदा तिच्याकडे, एकदा आदित्यच्या जाकिटाकडे पाहिलं. "गलती तो हमारे आदमी की है," ते म्हणाले. "सूरज डूबने तक रास्ता खुला है. तिराहे से दोबारा कर लीजिए, मान लेंगे."

"मी गाडीने फाट्यापर्यंत सोडतो," दादा लगबगीने पुढे झाला.

तिने त्याला बाजूला सारलं. सायकल वळवली आणि कालव्याच्या वाटेने परत निघाली.

फाट्यावर आता दुसराच माणूस उभा होता. तो उजवीकडे हात करत होता. शेजारच्या पाटीवर बाणही होता. तरी रेवती थांबली. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीला तिने हाक मारली. "अम्मा, एरच का रास्ता यही है?"

"हओ बिन्नू, जेई आय," उजवीकडे बोट करून, होकाराची मान हलवत म्हातारी म्हणाली. तेव्हा कुठे रेवतीने पॅडल मारलं.

नदीकाठी चाक रुतलं. ती पडली. पाय निसटला, तो तिने वाळूत बसून पुन्हा घातला. चालवता येईना तिथे सायकल ढकलत नेली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते फक्त दुखण्याचं नव्हतं.

ती मैदानात शिरली तेव्हा सूर्य टेकला होता. ढोलवाला निघून गेला होता. मुकेशने मात्र थांबून टाळ्या वाजवल्या. पंचांनी तेच पदक पुन्हा तिच्या गळ्यात घातलं.

दादा लांब उभा होता. हळूहळू जवळ आला. "पुढच्या वर्षी असं नाही करणार मी," तो म्हणाला. "शपथ."

रेवतीने बुटातली वाळू झटकली.

"पुढच्या वर्षी तू येऊच नकोस, दादा."