पाणी आलं गं!

माझी बायको यमुना वारल्यावर मुलाचा पुण्याहून फोन आला. "अण्णा, पाणी कधी येणार ते सांगणारं सरकारी ॲप आहे. आलो की तुमच्या मोबाईलवर टाकून देतो." आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि तासाभरात जातं. ती वेळ यमुनाच सांभाळायची. तरी मी म्हणालो, "माझा नंबर, माझं घर सरकारला कशाला कळवू? माझं मी बघतो."

चार महिन्यांत एकदाही पाणी चुकलं नाही. समोरच्या सरूबाई सुनेला हाक मारायच्या, "पाणी आलं गं!" ती कानावर पडली की मी उठून मोटार लावायचो.

आज मी त्यांना जरा फुशारकीनंच म्हणालो, "बघा, ॲप नाही, सरकार नाही, काही अडलं का माझं? आणि सूनबाई दिसत नाहीत हल्ली?"

"ती दोन महिने झालं, बाळंतपणाला गंगापूरला गेलीय."

"मग हाक कुणाला मारता?"

"तुम्हालाच की वो अण्णा! यमुनाताईंनी दवाखान्यात जाताना बजावलं होतं, 'ह्यांना सरळ सांगितलेलं चालत नाय. सुनेच्या नावानं ओरडत जा.'"