तेलाची वाटी

निजामाचं राज्य पडलं त्याच आठवड्यात बलभीम रक्ताळलेली कुऱ्हाड घेऊन नळदुर्गच्या तालमीत शिरला. “तालमीत पायताण? काढ आधी,” म्हातारे चन्नबसप्पा वस्ताद म्हणाले. सवयीनं त्यानं वहाणा काढल्या. “दस्तगीरला बाहेर काढा, वस्ताद.” पोरांची अंगं चोळणारा दस्तगीर आतल्या खोलीत लपला होता. “त्यानं काय केलं?” “रझाकारांनी माझा भाऊ चिरला. ह्यो त्यांच्याच जातीचा. सरका, न्हायतर तुमालाबी तोडीन!” बलभीमनं कुऱ्हाड उगारली. वस्तादांनी त्याचा हात पकडला. कुस्तीत निखळणारा तो खांदा दरवेळी त्यांनीच बसवला होता. आज त्यांनीच पिळून उखडला. कुऱ्हाड मातीत पडली. बलभीम गुरासारखा हंबरत कोसळला. वस्तादांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “रडू नको, लेकरा. दस्तगीर, तेल गरम करून आण!” तेलाची वाटी घेऊन दस्तगीर आला. बलभीमनं डोळे मिटून खांदा त्याच्याकडं वळवला.