कोंबड्याची जागा

कोंबड्याची वेळ आली आणि कोंबडा आरवलाच नाही.

काल्मेटने गाता गाता मागे पाहिलं. गाण्यात कोंबड्यासारखं आरवायचं काम काल्तकचं. तो खोक्याला काठी नि दोरी लावून केलेला बास वाजवत उभा होता, आणि कुण्या आजीने, गाणाऱ्यांचं कौतुक करायच्या तिथल्या रीतीप्रमाणे, पावडरचा अख्खा डबा त्याच्या डोक्यावर रिकामा केला होता. काल्तकला शिंकांवर शिंका आल्या. त्या आवरून तो आरवला, तेव्हा गाण्यातली मुलगी किनाऱ्यावर एकटी रडत होती.

सगळा मांडव हसत सुटला. केळीच्या पानांत भाजलेलं लापलाप कापणाऱ्यांच्या माना वर झाल्या. नवरीने तर टाळ्या पिटल्या.

काल्मेटचे कान तापले. फार पूर्वी आंब्याखाली हे गाणं रेकॉर्ड करताना कुणाचा तरी कोंबडा मधेच आरवला होता. त्या आरवण्यासकट कॅसेट एफाते बेटावर घरोघरी गेली. तेव्हापासून दर लग्नात तेच गाणं, तोच सूर आणि त्याच जागी काल्तकचं कुकूचकू. काल्मेटकडे नवं गाणं होतं, संथ चालीचं. पण ते फक्त घरामागच्या माडांनी ऐकलं होतं. नाही आवडलं, तर पुढच्या लग्नाला लोक दुसरा बँड बोलावतील!

गाणं संपताच तो काल्तकवर घसरला. "लाज काढलीस माझी."

"शिंकेला काय तुझं गाणं पाठ आहे?" काल्तक नाक पुसत म्हणाला.

तेवढ्यात लेइविया आत्या आली. रविवारच्या शाळेत दोघांच्या हाती पहिलं युकुलेले तिनेच दिलं होतं. तिची प्रश्न विचारायची सवय तेव्हापासूनची.

"काल्मेट, लोकांना त्या गाण्यात काय आवडलं रे?"

"कोंबडा."

"त्याला तिथे आरवायला कुणी शिकवलं होतं?"

"कुणी नाही. मनात आलं, आरवला."

"मग इतकी वर्षं त्याला शाळेत का डांबून ठेवलंस? तो आरवला की आम्ही लापलाप वाढायला घेतो. घड्याळ झालंय बिचाऱ्याचं. आज चुकला, म्हणून मी मान वर करून तुझं गाणं ऐकलं."

काल्मेटने युकुलेलेच्या खुंट्या पिळल्या आणि नव्या गाण्याची चाल धरली.

नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. एक म्हातारा ओरडला, "कोंबडा! कोंबडा!" पहिल्या कडव्यात काल्मेटचा आवाज चक्क कापला. दुसऱ्यात वाढप्यांचे हात थांबले. पोरं पुढे सरकून बसली. आत्या त्याच्या खांद्यावर टाकायला पावडर घेऊन आली होती. डबा उघडून ती तशीच उभी राहिली. टाकायचं विसरलीच.

परतताना ट्रकच्या हौद्यात काल्तकने हळूच विचारलं, "उद्या पांगो गावातल्या लग्नात जुनं गाणं म्हणशीलच ना? मग कुठे आरवू? पहिल्या कडव्यात की शेवटी?"

काल्मेटने केसांतली पावडर झटकली.

"कुठे आरवणार, ते मला सांगू नकोस."