पिवळे ठोकळे

दारात कुबड्यांची ठकठक ऐकू आली तेव्हा जगन्नाथने आधी काय केलं असेल, तर पलंगावरची चादर ओढून पार फरशीपर्यंत सोडली. मग तो दाराकडे वळला. "अरे, ये ये बळीराम! या पायाने कशाला एवढा त्रास घेतलास?"

त्याने खुर्ची पुढे केली. पण बळीरामला पाय लांब ठेवायचा होता, म्हणून तो नेमका पलंगावरच बसला. डाव्या पायाला बँडेजचं गाठोडं होतं. आतली दोन बोटं गेली, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. खाडीकाठच्या गावाहून माणिकपूरला जगन्नाथच्या घरापर्यंत तो रिक्षाने आला होता, आणि आल्या आल्या आपल्या सुपरवायझरची माफी मागू लागला.

"चूक माजीच, साहेब. तुमी किती वेळा सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं खरं. वसई पूर्वेच्या त्या कारखान्यात हायड्रॉलिक जॅक शिकवायला उभा राहिला की जगन्नाथच्या अंगातच यायचं. जॅक नुसता उचलतो, धरून ठेवत नाही. मशीन उचललं की आधी खाली लाकडी ठोकळे सारायचे, भार त्यांच्यावर घ्यायचा, आणि मगच हातपाय आत घालायचे. नव्या माणसाकडून तो हे घोकून घ्यायचा. कुणी चुकला तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा, आणि त्यात त्याला मजाही यायची.

"त्या दिवशी ठोकळे लय शोधले, सापडलेच नाय," बळीराम म्हणाला. "काम तर उरकायचं व्हतं. मंग विटा लावल्या. जॅक खाली बसला नि वीट फुटली."

जगन्नाथने उठून पंख्याचा वेग वाढवला.

"उद्या चौकशी हाय. मॅनेजर बोलतात, ठोकळे जाग्यावरच असनार, तूच आळस केलास. नोकरी जाईल माजी. तुमी एवढंच सांगा साहेब, की ठोकळे जाग्यावर नव्हते. तुमचा शब्द कोन मोडनार?"

जगन्नाथने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मंदा चहा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवऱ्याच्या कारखान्यातलं कुणी घरी आलं की तिला फार बरं वाटायचं. तिने पायाची चौकशी केली, हळहळली, आणि मग सगळी वसई पावसाळ्यात ज्या विषयावर येते त्याच विषयावर आली. "तुमच्याकडे पाणी शिरलं का हो, भाऊजी?"

"शिरलं ना, वहिनी. आमचं तर खाडीवरच घर."

"आमचा गेल्या वर्षी फ्रीज गेला. तळमजला घेतला आणि दरवर्षीची रड मागे लावून घेतली. यंदा मात्र काही म्हणजे काही भिजलं नाही! यांनी कशी सोय केलीय, बघा तरी."

"मंदा, बिस्किटं आण," जगन्नाथ घाईने म्हणाला.

"आणते हो," असं म्हणत तिने कौतुकाने चादरीचं टोक वर उचललं.

बळीराम वाकला. पलंगाचा पाय एका जाडजूड ठोकळ्यावर उभा होता. ठोकळ्याची कड पिवळी होती. कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहात तो रंग बळीरामनेच दिला होता, ठोकळे लांबूनही दिसावेत म्हणून. वाकल्यामुळे समोरच्या टेबलाखालून फ्रीजखालचेही तसेच पिवळे ठोकळे दिसले.

जगन्नाथला वाटलं, आता याने ओरडावं. शिव्या घालाव्यात, कुबडी उगारावी, काहीही करावं. बळीरामने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.  जगन्नाथला त्या बँडेजकडे बघवत नव्हतं, आणि त्याहून वर, माणसाच्या तोंडाकडे, बघायची तर हिंमतच नव्हती.

"लाकूड चांगलं हाय, वहिनी," बळीराम म्हणाला. "फुटनार नाय."

जाताना तो दारात थांबला. उद्याच्या चौकशीचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही. "इतक्यात काढू नका, साहेब," तो म्हणाला. "उधानाला पानी परत भरंल."

रिक्षा गेली. मंदा कपबशा विसळायला आत वळली. जगन्नाथ खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या डोक्यात एक विचार आला. सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जाऊन ठोकळे त्यांच्या कोपऱ्यात ठेवले तर? चौकशीला बसणाऱ्यांना ते जागेवरच दिसतील. मग बळीराम खोटा ठरेल. हेही त्याला लख्ख दिसत होतं. इतका हलका विचार आपण करू शकतो याची त्याला किळस आली, आणि तरीही तो उठला.

त्याने फ्रीजला खांदा लावला, तो थोडा कलता केला आणि दुसरा हात ठोकळ्याकडे नेला.

"अहो, हात काय घालताय!" मंदा ओल्या हातांनीच धावत आली. "वरून बसला तर बोटं जातील ना! आधी खाली काहीतरी सारा. थांबा, मागच्या दारी विटा पडल्यात, त्या आणते."

"विटा नको," फ्रीज तसाच खांद्यावर तोलून तो म्हणाला.

"का?" मंदाने विचारलं. "विटेला काय होतंय?"