आतली कडी

"आजपासून मी पाढे म्हणणार नाही," खांद्यावर टॉवेल टाकून लेकीने सांगून टाकलं. सुतार बापाने मान डोलावली आणि बाथरूमच्या आतल्या कडीचा शेवटचा स्क्रू पिळला. स्वयंपाकघरात आईने भांडी जरा जास्तच जोरात आपटली.

लेकीला चौदाव्या वर्षी आंघोळ करतानाच फिट आली होती. कडी आतून लावलेली आणि दार बापाच्याच हातचं, चांगलं भक्कम. ते तोडता तोडता त्याचा जीव अर्धा झाला. त्याच संध्याकाळी त्याने घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून दार नुसतं लोटायचं, बाहेर स्टुलावर कुणीतरी बसायचं आणि लेकीने आत पाढे म्हणायचे. बापाची ताकीदच होती, "मोठ्याने म्हण. थांबलीस की मी दार उघडणार."

पोरगी पाढे म्हणत म्हणत मोठी झाली. शेजारच्या पोराला एकोणतीसचा पाढा फुकटात पाठ झाला. पुढे ती नोकरीला लागली, ऑफिसात म्हणे भल्याभल्यांना कामाला जुंपते, आणि घरी मात्र साबण लावताना बे एके बे! पण पठ्ठीने इतक्या वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही. बापाला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि तेवढीच स्वतःची लाजही.

मग डॉक्टरांनी तिच्या मनगटाला पट्टा दिला. हाताला एका लयीत झटके बसू लागले की तो बापाच्या मोबाइलवर ओरडायचा. आल्या तेवढ्या फिट त्याने बरोब्बर पकडल्या. अंडी फेटतानाही बोंब मारली, ते सोडा. तसं झालं की लेक बटण दाबायची आणि तो गप्प व्हायचा. एवढासा पट्टा, पण ना कंटाळतो, ना डुलक्या काढतो. बापाला त्याचं भारी कौतुक होतं. पण कौतुक वेगळं आणि कडी वेगळी. म्हणून लेकीने कडी मागितली तेव्हा त्याने बाजार पालथा घालून बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी शोधून आणली.

लेक आत गेली. कडी लागली. पाणी वाहू लागलं. बाप एका हातात नाणं, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन स्टुलावर बसला.

तेवढ्यात मोबाइल ओरडला.

बाप झटक्यात उठला. नाणं कडीच्या खाचेत बसलं, फिरणार, इतक्यात मोबाइल गप्प झाला.

"डोकं धुतेय, बाबा."

बापाने नाणं बाहेर काढलं. दार तोडतानाही लागलं नव्हतं एवढं बळ त्याला त्यासाठी लागलं. तो पुन्हा स्टुलावर टेकला. आईही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. आत नुसतं पाणी वाजत होतं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज नाही म्हटल्यावर घर कसं खायला उठलं. बाप कधी पुटपुटू लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा... आई हसली तसा तो ओशाळून थांबला.

आत पाणी बंद झालं.

"मोठ्याने म्हणा, बाबा," लेक म्हणाली. "थांबलात की मी दार उघडणार."