आजोबांची पहिली अंघोळ

जरा डोळे मिटा, म्हणजे नीट दिसेल. नरक चतुर्दशीची पहाट आहे. डोंबिवलीतल्या एका सोसायटीत घरोघरी कंदील लागलेत, आणि बाथरूमच्या दारात तुमच्याएवढीच एक मुलगी हात पसरून उभी आहे. तिचं नाव ऋजुता. समोर अंगभर तेल-उटणं फासलेले तिचे आजोबा, बाबुराव.

"सरक गं! खालच्या नीलाकाकूंचा फटाका आधी वाजला, तर वर्षभर ऐकवतील त्या."

"आजोबा, आज गीझर नाही लावायचा."

"का? नरकासुराने बंदी घातलीय?"

ऋजुता सगळ्यांच्या आधी उठली होती. आजोबांसाठी तिने पाट मांडला, बादली घासली, गीझरचंही पाहिलं. तेव्हाच तिला दिसलं, की गीझरमधला धूर खिडकीबाहेर नेणारा पाइप मधोमध फाटलाय. साफसफाईत कुणाचा तरी झाडू लागला असणार. एवढ्यात आजोबा आलेच.

"पाइप फाटलाय. गॅसचा धूर आतच कोंडेल."

"पाच मिनिटांची तर अंघोळ! वास आला की येईन बाहेर."

"त्या धुराला वास नसतो! गच्चीवर आम्हा पोरांना तुम्हीच शिकवलंत ना? आधी गुंगी येते, मग माणूस पडतो."

"तेव्हा मी मास्तर होतो. आता अंघोळीला चाललोय."

तिच्या हाताखालून वाकून आजोबा आत शिरले. कडी लागली. गार वारा येतो म्हणून त्यांनी खिडकीही ओढून घेतली.

"ऋजुते, सणासुदीला आजोबांशी वाद नको हं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आत नळ सुटला की गीझर आपोआप पेटणार. ऋजुता गॅलरीत धावली, गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि परत येऊन दार बडवू लागली.

"आजोबा, कडी काढा! नाहीतर नीलाकाकूंना बोलावते!"

दार उघडलं. आजोबा पोट धरून हसत होते. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

"शाब्बास! मोठ्यांनाही जुमानलं नाहीस. पैकीच्या पैकी मार्क!"

"म्हणजे?"

"अगं, पाइप मी कालच पाहिला. दुरुस्तीवाला दिवाळीनंतर येणार, म्हणून गीझरचे सेल काढून कपाटात ठेवले. सेल नाहीत तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गीझर पेटणार कसा? तुझी परीक्षा घेत होतो, वेडाबाई! तू दार वाजवलं नसतंस, तर खुशाल नळ सोडून गार पाण्याने अंघोळ करणार होतो."

ऋजुता हसली नाही. ती आत गेली, पाटावर चढली, गीझरखालची छोटी डबी उघडली, आणि पहाटे स्वतःच घातलेले दोन नवेकोरे सेल काढून तिने आजोबांच्या तेलकट तळहातावर ठेवले.