सत्ताविसावं झाड

"ही आटक. कच्ची खाशील त तोंड वाकडा व्हईल," वेणू म्हणाली आणि समीक्षाने लिहून घेतलं.

करंजाडेच्या टोकाला नवी बाग व्हायची होती. जागेवरची फळझाडं राखायची, पण यादीत स्थानिक नावासकट असतील तीच. बाकीची रानटी समजून तोडायची. यादी आज दुपारीच द्यायची होती. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या समीक्षाला लॅटिन नावं तोंडपाठ, पण झाड समोर आलं की पंचाईत. म्हणून तिने पाड्यावरच्या म्हाताऱ्या वेणूला सोबत घेतलं. बाकी सगळा पाडा वीटभट्ट्यांवर गेलेला. भोकर, अळू, रांजण. वेणू लांबूनच नावं सांगत सुटली होती.

सत्ताविसाव्या झाडापाशी मात्र तिची गाडी अडली. झाड चांगलं गर्द होतं, खाली पिवळीधमक फळं पडलेली. समीक्षाने एक फोडलं. आत उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा गर. मोबाईलने तीन वेगवेगळी नावं सुचवली.

"मावशी, हे कसलं झाड?"

वेणू फळं ओच्यात गोळा करू लागली. "बी आपटा गावच्या बागंतून आणलेली. सगला पाडा याला एकाच नावानं वलखतं."

"कोणत्या?"

"दुसऱ्या कुनाला इचार, बाय."

दुसरं होतं कोण? समीक्षा चडफडली. एवढी जाणती बाई, आणि माहीत नाही म्हणायला लाजते! "मावशी, नाव नसलं तर हे झाड जाईल. इथूनच पायवाट काढलीय."

वेणूचे हात थांबले. ओच्यातली फळं घरंगळली, तिला भान नव्हतं. ती उठली, तिने बुंध्यावर तळवा ठेवला. मग तिने डोक्यावरून पदर घेतला, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

"पाखरां खाती, पोरां खाती, खाऊन होती मगन;
ज्यानं लावला त्याचाच नाव झाडालाबी, जगन!"

 समीक्षाने रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: जगन.

नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी वेणू पदरात तोंड लपवून नव्या नवरीसारखी लाजत होती.